गोव्याच्या वाढीचा कोळसा कुठे जळतो?

गोव्याच्या अर्थव्यवस्थेविषयी बोलताना एक समज आपण सगळेच बाळगून असतो, तो असा की हे राज्य धूर न काढता श्रीमंत झाले. येथे पोलादाचे अजस्र प्रकल्प नाहीत, सिमेंटच्या भट्ट्या नाहीत, कोळशावर चालणारे वीजकेंद्र नाही. पर्यटन, औषधनिर्मिती, बांधकाम, व्यापार आणि परदेशी गेलेल्यांनी घरी पाठवलेला पैसा यांच्या बळावर अवघे ३,७०२ चौरस किलोमीटरचे हे राज्य दरडोई उत्पन्नात देशाच्या अगदी वरच्या रांगेत आहे. त्यामुळे वाढ आणि प्रदूषण यांची फारकत कशी करावी याचा धडा इतर राज्यांनी गोव्याकडून घ्यावा, असे परिसंवादांतून आणि भाषणांतून अधूनमधून ऐकू येते. हा दावा मला मान्य नाही. गोव्याने फारकत केलेली नाही. गोव्याच्या वाढीसाठी जो कोळसा जळतो तो सीमेपलीकडे जळतो, आणि आपल्या हिशेबाच्या वहीत त्याची नोंद होत नाही. ती नोंद जोवर होत नाही तोवर गोव्यात कार्बनविषयी होणारी कोणतीही चर्चा अर्धवटच राहणार आहे.

फारकत म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट असलेले बरे, कारण या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालवल्या जातात. पहिलीत उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे निघणारा कार्बन कमी होतो, पण एकूण उत्सर्जन वाढतच राहते. दुसरीत उत्पन्न वाढत असताना एकूण उत्सर्जनच खाली येते. भारताने पॅरिस करारासाठी २०१५ मध्ये रुपयामागचा कार्बन घटवण्याचे जे वचन दिले आणि २०२२ मध्ये जे वाढवून २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांवर नेले, ते पहिल्या प्रकारचे आहे. ज्या देशात कोट्यवधी घरांची विजेची गरजच अजून पुरती भागलेली नाही त्या देशाने एवढ्यावर थांबणे समजण्यासारखे आहे. दुसऱ्या प्रकारची उदाहरणे श्रीमंत देशांतली आहेत. स्वीडनने १९९१ मध्येच कार्बनवर कर बसवला. ब्रिटनचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत आज निम्म्याच्या आसपास आले आहे आणि या काळात तिथली अर्थव्यवस्था मात्र वाढत राहिली. ज्या लंडनमध्ये १८८२ साली कोळशावरची वीज लोकांना विकायला सुरुवात झाली, त्या देशातले शेवटचे कोळसा वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले.

या यशावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. ब्रिटनने आपले कारखाने बंद केले आणि तोच माल चीनमधून आणला, मग कमी काय झाले? म्हणून अभ्यासक आता दोन हिशेब मांडतात. एकात देशाच्या हद्दीत निघालेला कार्बन धरतात, दुसऱ्यात देशातल्या लोकांनी वापरलेल्या वस्तूंमागचा कार्बन, मग तो जगात कुठेही निघालेला असो. दुसऱ्या हिशेबात ब्रिटनचे यश थोडे उतरते, पण पुसले जात नाही, कारण त्या देशाने स्वतःची वीज खरोखरच बदलली. गोव्याला हा दुसरा हिशेब लावला, तर काय उरते?

सुरुवात विजेपासून करावी लागते. गोव्याची बहुतेक वीज राज्याबाहेरून येते. केंद्रीय प्रकल्पांतला जो वाटा राज्याला मिळतो त्यात छत्तीसगडमधले कोरबा आणि मध्य प्रदेशातले विंध्याचल अशी औष्णिक केंद्रे आहेत. विंध्याचल हे तर देशातले सर्वांत मोठे कोळसा वीजकेंद्र आहे. देशाच्या वीजजाळ्यात एक युनिट तयार होताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे हजार युनिटमागे सातशे किलो. गोव्यातला दरडोई वीजवापर देशाच्या सरासरीच्या दुपटीच्या आसपास आहे. ही वीज आपल्याकडे तारेतून येते, तिला वास नाही, काजळी नाही. तिची राख कोरब्याच्या तळ्यांत साठते आणि तिथल्या गावांच्या विहिरींवर, शेतांवर, श्वासावर उतरते.

कळंगुट किंवा कोलव्याच्या एखाद्या साध्या हॉटेलमधली एक खोली घ्या. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर दहा-बारा युनिट सहज जळतात. पाण्याचा गिझर, छोटा फ्रिज, बाहेरच्या ओसरीवरचे दिवे आणि कपडे धुण्याचे यंत्र यांचा भाग जोडला की एका खोलीची एक रात्र पंधरा युनिटांच्या घरात जाते. म्हणजे साधारण दहा किलो कार्बन. पाहुणा सकाळी उठून खिडकी उघडतो तेव्हा त्याला माड दिसतात, समुद्र दिसतो, आणि गोव्याची हवा किती स्वच्छ आहे असे तो मनापासून म्हणतो. ती स्वच्छ आहे, कारण त्या दहा किलोंचा धूर बाराशे किलोमीटरच्या आसपास लांब निघाला. राज्यात वर्षाला एक कोटीच्या आसपास पर्यटक येतात. त्यांतले अनेक विमानाने येतात, आणि एक किलो विमान इंधन जळले की तीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो. दाबोळीच्या जोडीला जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला. त्याच्या धावपट्टीचे कौतुक करणाऱ्या एकाही सरकारी कागदात या इंधनाचा हिशेब माझ्या पाहण्यात आलेला नाही.

इथे मला एक अप्रिय गोष्ट आपल्याच माणसांना सांगायची आहे. २०२० मध्ये मोलेचे जंगल वाचवण्यासाठी जी चळवळ उभी राहिली ती गोव्याच्या अलीकडच्या इतिहासातली एक अत्यंत मोलाची चळवळ आहे. टाळेबंदीच्या काळात राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या समितीने दूरदृश्य बैठकीत मोलेच्या भगवान महावीर अभयारण्यातून जाणाऱ्या प्रकल्पांना मंजुरी दिली. त्यांत रेल्वेचे दुपदरीकरण होते, महामार्गाचे रुंदीकरण होते आणि तमनारची उच्चदाब वीजवाहिनीही होती. तरुणांनी, शास्त्रज्ञांनी, चित्रकारांनी, गावकऱ्यांनी ही गोष्ट घराघरांत पोहोचवली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये आपला अहवाल दिला आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. वाहिनीच्या बाबतीत समितीचे म्हणणे असे होते की जंगलात नवी वाट पाडण्याऐवजी असलेल्या वाहिनीचाच पट्टा वापरावा. या सगळ्यात आपण जिंकलो याचा मला आनंद आहे.

पण तमनार हे छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यातल्या कोळशाच्या पट्ट्यातले गाव आहे. तिथल्या आदिवासींच्या जमिनी खाणींखाली जात आहेत आणि तेही आपल्यासारखेच रस्त्यावर उतरत आहेत. आम्ही मोलेतले झाड वाचवताना वाहिनीच्या मार्गावर भांडलो, वाहिनीतून येणाऱ्या विजेच्या मागणीवर फारसे बोललो नाही. मागणी दरवर्षी वाढत राहिली तर वाहिनी कुठून तरी येणारच, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कुणाचे तरी जंगल कापले जाणारच. आपले जंगल वाचवून दुसऱ्याचे जाळण्याला पर्यावरण रक्षण म्हणता येणार नाही. चळवळीने पुढचे पाऊल टाकायचे असेल तर ते गोव्याच्या स्वतःच्या वीजवापराच्या दिशेने टाकावे लागेल. ते पहिल्यापेक्षा कठीण आहे, कारण तिथे समोर कुणी परका कंत्राटदार नसतो; तिथे आपली हॉटेले, आपले कारखाने आणि आपले मोठे बंगले असतात.

मुरगाव बंदरातून जाणाऱ्या कोळशाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची सरमिसळ होऊ नये. परदेशातून येणारा कोकिंग कोळसा बंदरात उतरतो आणि रेल्वेने सावर्डे, कुळे, कॅसलरॉक करीत कर्नाटकातल्या बळ्ळारी परिसराच्या पोलाद कारखान्यांकडे जातो. वास्कोत राहणाऱ्या कुणाच्याही घरी जा. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कठड्यावर संध्याकाळी बोट फिरवले की ते काळे होते, आणि धुतलेले पांढरे कपडे गच्चीवर वाळत घालायचे की नाही हे तिथली बाई वाऱ्याची दिशा बघून ठरवते. ‘गोंयांत कोळसो नाका’ या हाकेने माणसे एकत्र आली आणि १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदर येथे हजारो लोक रेल्वेमार्गापाशी जमले, ते या धुळीमुळे आणि आपल्या दारातून दुपदरी कोळसामार्ग जाणार या भीतीमुळे. त्यांची मागणी रास्त होती आणि आहे. मात्र या कोळशातून होणारे उत्सर्जन गोव्याच्या नावावर टाकणे चुकीचे ठरेल, कारण तो पोलाद बनवताना बळ्ळारीत जळतो. आणि तो दुसऱ्या एखाद्या बंदराकडे वळला तर गोव्याने कार्बन कमी केला असा दावा करणेही तितकेच चुकीचे ठरेल. वास्कोच्या लोकांना स्वच्छ हवा मिळाली पाहिजे, हे म्हणायला हवामान बदलाचा आधार लागत नाही. तो त्यांचा साधा हक्क आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तरच दोन्हींना न्याय मिळेल.

आपल्याकडे उत्सर्जन घटवण्याचा एक प्रयोग नकळत होऊनही गेला आहे, आणि तो विसरता कामा नये. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास लोहखनिज निर्यात होत होते. त्यातला बहुतेक माल चीनला जात होता, कारण आपले कमी प्रतीचे खनिज उचलणारा तेवढा मोठा गिऱ्हाईक दुसरा नव्हता. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थंडावल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतले ट्रक बंद पडले, मांडवी आणि जुवारीतली बार्ज नांगरावर गेली, डिझेलचा धूर आणि लाल धूळ खाली बसली. हिशेबाच्या भाषेत उत्सर्जन घटले. पण त्याला फारकत म्हणणे अन्याय होईल, कारण उत्सर्जनाबरोबर माणसांचे उत्पन्नही गेले.

उसगाव, साखळी, कुडचडे या भागात ज्यांनी बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांच्या अंगणात ते ट्रक गंजत उभे राहिले. खाणमालकांनी वर्षानुवर्षे बेकायदा नफा कमावला, आणि बंदीची किंमत मात्र ट्रकवाल्यांनी, गॅरेजवाल्यांनी, खाणीच्या तोंडाशी चहाचे दुकान टाकणाऱ्यांनी मोजली. माझे मत स्पष्ट आहे: बेकायदा खाणी थांबणे आवश्यकच होते. परंतु थांबवण्याआधी किंवा निदान थांबवताना पर्याय उभा केला गेला नाही, हा राज्यकर्त्यांचा गंभीर दोष होता. लोकांच्या मनात ‘पर्यावरण म्हणजे रोजगारावर टाच’ हे समीकरण त्या सहा वर्षांत इतके घट्ट झाले की आज कोणताही हरित प्रस्ताव खाणपट्ट्यात मांडताना आधी या रागाला सामोरे जावे लागते. २०१४ च्या निकालानुसार खनिजविक्रीतला दहा टक्के भाग पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकायचा आहे. शिवाय खाणींची झळ पोहोचलेल्या भागांसाठीचा जिल्हा खनिज निधीही आहे. डिसेंबर २०२२ पासून लिलाव होऊन खाणी पुन्हा सुरू होत असताना या दुसऱ्या निधीतला पैसा खाणपट्ट्यातल्या पर्यायी रोजगारावर आधी खर्च झाला पाहिजे, कारण खनिज पुन्हा कधीतरी थांबणार आहे हे आता प्रत्येकाला ठाऊक आहे.

दोन आक्षेप नेहमी येतात. गोवा देशाच्या लोकसंख्येत जेमतेम एक हजारांशाच्या आसपास आहे, त्याने काय फरक पडणार, हा पहिला. याला उत्तर असे की फरक क्षमतेचा आहे. झारखंडच्या एखाद्या जिल्ह्याने कोळसा सोडावा असे म्हणताना तिथल्या उपासमारीचा विचार करावा लागतो. देशातल्या सर्वांत संपन्न राज्यांपैकी एकाने स्वतःची वीज बदलावी असे म्हणताना तशी अडचण येत नाही. गोव्याने हे केले नाही तर दुसऱ्या कुणाला सांगण्याचा नैतिक अधिकार देशाकडे फारसा उरत नाही. दुसरा आक्षेप आपल्या हिरवळीचा. राज्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास भूभागावर वनाच्छादन आहे, खाजनांच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या भातजमिनींच्या, काठाने खारफुटी आहे, मग आपला कार्बन तीच शोषून घेते, असे म्हटले जाते. उभे जंगल शतकांचा कार्बन धरून ठेवते, म्हणून ते राखायचे. पण ते दरवर्षी आपल्या वाढत्या विजेएवढा नवा कार्बन गिळेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. खाजनाचा बांध फुटला, मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्या-अडवण्याच्या मोरीची, दारे कुजली आणि खारे पाणी शेतात शिरले, की खारफुटी आपसूक वाढते, हे खरे. पण कोमुनिदादने, म्हणजे गावाच्या सामूहिक जमीनसंस्थेने, पिढ्यान्‌पिढ्या राखलेली भाताची जमीन त्यात जाते. त्या खारफुटीला उद्या कार्बनची कमाई म्हणून दाखवले गेले तर ते शेतकऱ्याच्या नुकसानीवर उभे असेल.

मग करायचे काय? सर्वांत आधी हिशेब. राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल दरवर्षी विधानसभेत मांडला जातो. त्यात उत्पन्नाच्या तक्त्याशेजारी राज्याने बाहेरून घेतलेल्या विजेमागच्या कार्बनचा तक्ता छापला जावा. वीज खात्याला कोणत्या केंद्राकडून किती युनिट घेतले हे माहीत असते, कारण त्याचे पैसे तेच भरते. गुणाकार करायला नवीन यंत्रणा लागत नाही. औद्योगिक, व्यापारी, घरगुती असे भाग वेगळे दाखवले तर वाढ नेमकी कुठे होते आहे हे पहिल्याच वर्षी उघड होईल.

दुसरी गोष्ट उद्योगांना द्यायच्या सवलतींची. १९९१ मध्ये गोव्याने नव्या उद्योगांना वीजदरात २५ टक्के सूट जाहीर केली होती आणि त्या स्वस्त विजेच्या ओढीने विजेवर चालणाऱ्या पोलादाच्या भट्ट्या येथे आल्या. नंतर त्या सवलतीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. धडा साधा आहे: ज्या गोष्टीवर सवलत द्याल ती गोष्ट वाढेल. आज वेर्णा, कुंडई, कुंकळ्ळी येथील वसाहतींत नवा भूखंड देताना तो उद्योग एका रोजगारामागे किती युनिट वीज खाणार आणि त्यातली किती स्वतः तयार करणार, हे निकषांत असले पाहिजे. औषध कंपन्यांना हे जड जाणार नाही. युरोपातले खरेदीदार आधीच त्यांच्याकडे पुरवठ्यामागच्या कार्बनची माहिती मागू लागले आहेत.

तिसरी गोष्ट छपरांची, आणि येथे थोडे खोलात जाणे आवश्यक आहे. एक किलोवॅट सौर पॅनेलला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते आणि ते वर्षाला तेराशे ते चौदाशे युनिट देते. या हिशेबाने राज्यातली एक चौरस किलोमीटर छपरे वापरली तर शंभर मेगावॅटची क्षमता उभी राहते आणि वर्षाला जवळपास एक लाख टन कार्बन वाचतो. वसाहतींतल्या गोदामांची, हॉटेलांची, शाळा-पंचायतींची छपरे यासाठी तयार आहेत. सड्यांवर पॅनेल पसरण्याचा मोह मात्र टाळायला हवा. जांभ्याचे सडे वरून ओसाड दिसतात, पण पावसाळ्यात तिथे जी फुले, गवते आणि बेडूक असतात ती दुसरीकडे नसतात, आणि खालच्या वाड्यांचे झरे त्याच दगडातून भरतात. उघडी मैदाने हवीच असतील तर ती खाणपट्ट्यात, जिथे जमीन आधीच खरवडली गेली आहे, तिथे शोधावीत. पॅनेलांचे सांगाडे जोडायला लागणारे वेल्डर आणि फिटर त्याच गावांत बसून आहेत.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या झाकून चालणार नाहीत. जून ते सप्टेंबर गोव्यात आभाळ झाकलेले असते, तेव्हा सौर वीज निम्म्यावर येते; आणि डिसेंबरच्या पर्यटन हंगामात सर्वाधिक वीज लागते ती सूर्य मावळल्यावर. म्हणून बॅटरीचा साठा आणि पावसाळ्यात बाहेरच्या राज्यांतून पवन वीज घेण्याचे करार, दोन्ही लागतील. सह्याद्रीपलीकडे वारा जोर धरतो तोही नेमका पावसाळ्यातच. घरांच्या बाबतीत अडचण वेगळीच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते, पण अर्जदाराकडे घराची आणि छपराची मालकी असावी लागते. गोव्यात वडिलोपार्जित घर दहा-बारा वारसांच्या नावावर असते, त्यांतले चार लंडन-लिस्बनला आणि दोन मुंबईला. घरात राहणारा एकटाच असतो, आणि वीजबिल अजून आजोबांच्या नावावर येते. मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेला रहिवासी, घरात पिढ्यान्‌पिढ्या राहतो, पण त्याच्या हक्काचा खटला मामलेदाराकडे पडून असतो. प्रत्यक्ष राहणाऱ्याला, बाकीच्या वारसांच्या मालकीला धक्का न लावता, छपरावर पॅनेल बसवण्याची परवानगी देणारा एक छोटा कायदेशीर बदल केला, तर जाहिरातींवर खर्च होणाऱ्या पैशापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

आणि या सगळ्याचा पहिला खर्च कुणी उचलायचा? गोव्याचे वीजदर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो, आणि त्याच्या सुनावणीत सामान्य माणूस आपले म्हणणे मांडू शकतो. तिथे आपण अशी मागणी नेली पाहिजे की संध्याकाळी सहा ते रात्री अकरा या वेळेत मोठ्या व्यापारी ग्राहकांसाठी, म्हणजे तारांकित हॉटेले, कॅसिनो आणि मॉल यांच्यासाठी, दर चढा असावा आणि त्यातून येणारी जादा रक्कम वेगळ्या खात्यात जाऊन कमी वापराच्या घरांवरील पॅनेलांसाठीच खर्च व्हावी. महिन्याला शंभर-दीडशे युनिट वापरणाऱ्या घरावर एक पैशाचाही बोजा पडता कामा नये. कोळशाची वीज सर्वांत जास्त कोण जाळतो ते बिलांवरून स्पष्ट दिसते, आणि आयोगाची पुढची सुनावणी लागेल तेव्हा ती बिले हातात घेऊन तिथे उभे राहण्याचे काम ग्रामसभांनी आणि मोलेसाठी लढलेल्या तरुणांनी अंगावर घ्यावे.